काठवटीचा काठ

पहाटे ५:४०

बेंगळुरूच्या उत्तरेला विद्यारण्यपुरात तीस बाय चाळीसच्या जागेवर बांधलेलं घर. खालची जागा गाडीसाठी ठेवलेली, पण गाडी बाहेर रस्त्यावर उभी असते. आत लेथ आहे. शटर अर्धं वर, ट्यूब लागलेली, आणि कोपऱ्यात ग्राइंडरचा पांढरा दगड फिरतोय.

दिवसाची सुरुवात धारेपासून. काकांच्या हातात गाऊज आहे, म्हणजे पन्हळ पाडलेली गोल पोलादी पटाशी. अर्धा इंच जाडीची, लांब दांड्याची, हायस्पीड स्टीलची. तिच्या उतारावर ते काळ्या मार्करने शाई फासतात. दगड बंद करून हाताने एकदा घासून बघतात. शाई उताराच्या टोकापासून मुळापर्यंत सारखी निघाली तर कोन बरोबर. वरच शिल्लक राहिली तर गाऊज धरणारा जिग अर्धा सूत पुढेमागे. मग बटण दाबतात. गाऊज एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एका दमात वळते. ठिणग्या धारेवरून पलीकडे उडू लागल्या की थांबायचं. दोन फेऱ्या, बास.

धारेचं टोक जरा निळं पडलं तरी ते बिचकत नाहीत. साध्या पोलादाची धार अशी तापली तर उतरते, हायस्पीडची उतरत नाही. पण तापलेली पाण्यात मात्र बुडवायची नाही. बारीक तडे जातात आणि धार टिकत नाही.

या गाऊजला पाच हजार दोनशे रुपये पडले. बाहेरून मागवलेली. शेजारी दोन खरवडायच्या पट्ट्या आहेत, त्या रंध्याच्या मशीनच्या भंगार पात्यांतून स्वतः घडवलेल्या. त्यांना दांड्याचाच काय तो खर्च.

६:२०

चहा. काका स्टुलावर, वही मांडीवर.

काका मूळचे बेळगावचे. डिप्लोमा करून १९७८ साली इथे आले आणि जलहळ्ळीला एचएमटीच्या टूलरूममध्ये लागले. एचएमटी स्थापन झाली १९५३ साली, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकोन कंपनीशी करार करून, आणि सुरुवातीपासून तिथे लेथ बनत होते. त्यामुळे या माणसाची सगळी उमर लेथजवळ गेली. पण तो लोखंडाचा लेथ. त्यात हत्यार पोलादी पकडीत घट्ट बसवलेलं असतं, माणूस चाक फिरवतो, आणि मोजमाप मायक्रोमीटरवर. लाकडाच्या लेथवर हत्यार हातात असतं. निवृत्तीनंतर हे नवं शिकायला घेतलं तेव्हा पहिलं वर्ष हाताला वळण लावण्यात गेलं, असं ते सांगतात.

हा लेथसुद्धा जोडलेला आहे. पीण्या भागातल्या औद्योगिक वसाहतीतून जुन्या मशीनचा बिडाचा बेड वजनावर आणला. एक अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर जुन्या बाजारातून साडेचार हजारांना. घरच्या सिंगल-फेजवर ती चालावी आणि वेग कमीजास्त करता यावा म्हणून व्हीएफडी, नऊ हजार. चार जबड्यांचा चक मात्र नवाच घ्यावा लागला, अठरा हजारांना. सगळं मिळून पन्नासच्या आसपास गेलं. काकू आकडा विसरलेल्या नाहीत.

वहीत रकाने आहेत. लाकूड, तारीख, ओलं वजन, आजचं वजन, भिंतीची जाडी, खर्च. आजच्या पानावर दोन कामं लिहिली आहेत. पर्जन्यवृक्षाचा ओला वाडगा, पहिली कात. फणसाची काठवट, दुसरी कात, पुरी करणे.

७:१०

यशवंतपूरच्या बाजूला जळाऊ लाकडाची वखार. मे महिना आहे. वळवाच्या पावसात आणि वाऱ्यात बेंगळुरूत झाडं पडतात, दर वर्षी पडतात, आणि आठवडाभरात वखारी भरतात. इथलं लाकूड बेकऱ्यांना जातं, लग्नाच्या स्वयंपाकाला जातं. भाव किलोवर. ओलं असेल तर नऊ रुपये.

काका ओंडक्यांवरून चालत जातात. गुलमोहर सोडून देतात, निलगिरीकडे बघतही नाहीत. एका ओंडक्यापाशी उकिडवे बसतात. बाहेर पिवळट साय, आत गडद तपकिरी गाभा, मधून सोनेरी पट्टे. पर्जन्यवृक्ष. कुठल्याशा कंपाउंडमधला, गेल्या आठवड्यात पडलेला.

हे झाड मूळचं दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं. बेंगळुरूच्या जुन्या रस्त्यांवरची सावली पुष्कळशी त्याचीच. रस्त्यांकडेला कुठलं झाड कुठे लावायचं, वर्षभर कुठे ना कुठे फूल कसं राहील, हे ज्याने आखलं तो जर्मन बागतज्ज्ञ गुस्ताव क्रुंबिगल १८९३ साली हिंदुस्थानात आला तो आधी बडोद्याला, सयाजीरावांच्या पदरी. पुढे १९०८ साली म्हैसूर संस्थानात आला आणि लालबागेचा कारभार बघू लागला. नंतर १९८० च्या दशकात नेगिनहाळ नावाच्या वन अधिकाऱ्याने या शहरात सुमारे पंधरा लाख झाडं लावून घेतली. त्या दोघांच्या कामाची सावली अजून डोक्यावर आहे. वाऱ्यात जे पडतं ते नऊ रुपये किलोने इथे येतं. हवाई बेटांवर याच लाकडाला मंकीपॉड म्हणतात आणि त्याचे वाडगे पर्यटक हौसेने घेऊन जातात. इथे ते भट्टीत जातं. मला याचं वाईट वाटतं आणि ते लपवायचं कारण नाही.

काका खिशातून लोहचुंबक काढतात. सालीवरून फिरवतात. शहरातल्या झाडात खिळे असतात, पाट्या ठोकलेल्या असतात, क्लासच्या, भाड्याच्या खोल्यांच्या. खोल गेलेला खिळा चुंबकाला कळत नाही. मग कापलेल्या तोंडाकडे निरखून बघायचं. लोखंडाभोवती लाकूड निळं-काळं पडतं. इथे डाग नाही.

काट्यावर एकोणीस किलो. एकशे एकाहत्तर झाले, मालक एकशे सत्तर घेतो.

चेनसॉवाला रायचूरकडचा पोरगा आहे. दिवसाला नऊशे मिळतात, पेट्रोल मालकाचं. साखळीला कानस मात्र स्वतः मारतो आणि ती नीट मारतो. कापाचा भुसा जाड पडतोय यावरूनच ते कळतं. काका खडूने तोंडावर रेघ मारतात, बरोबर मधल्या ठिपक्यातून. तिथेच चिरायचं, आणि दोन्ही अर्धुकांतून मधला बोटभर भाग उडवायचा. ठिपका लाकडात राहिला तर वाळताना वाडगा तिथूनच फुटतो. मग दोन्ही अर्ध्यांचे कोपरे उडवून आठ बाजू करायच्या. दहा मिनिटांचं काम, शंभर रुपये. मालकाला न दिसता देत नाहीत, मालकासमोर देतात. मालक मान हलवतो.

“कशाला एवढं सर? जाळायला तर न्यायचं,” पोरगा कन्नडमध्ये विचारतो. काका मोबाइलमधला वाडग्याचा फोटो दाखवतात. तो बोटांनी फोटो मोठा करून बघतो, परत बघतो, आणि विचारतो, “यातलंच?”

८:४५

आठच्या आधी लेथ लावायचा नाही, असा काकांचाच नियम. शेजारी बाळ आहे.

आठकोनी ठोकळ्याच्या सपाट बाजूवर फेसप्लेट. सहा जाड स्क्रू, प्रत्येक सव्वा इंच आत. ठोकळा शाफ्टवर चढवतात. दुसऱ्या बाजूने टेलस्टॉकचं टोक दाबून बसवतात. हाताने एक फेरा फिरवून बघतात, टूलरेस्टला, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीला, लागत तर नाही ना. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गळ्यात काही नाही, अंगठी काढून खिळ्याला. तोंडावर काचेसारखा पारदर्शक मुखवटा.

वेगाचा हिशोब सोपा आहे. व्यास इंचात, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं, उत्तर सहा हजार ते नऊ हजारांत यावं. दहा इंची वाडग्याला सहाशे ते नऊशे. पण ठोकळा अजून वेडावाकडा, म्हणून चारशेपासून सुरुवात. मला ते हाताने खूण करतात, तिथून हटा. फिरणाऱ्या लाकडाच्या रेषेत उभं राहायचं नाही. ते स्वतःही बाजूला उभे राहून बटण दाबतात.

लेथ थरथरतो. पायाशी वाळूच्या दोन गोण्या आहेत, तरी थरथरतो.

गाऊज टूलरेस्टवर टेकते. आधी धारेमागचा उतार लाकडाला लागतो, नुसता घासतो, कापत नाही. मग दांडा किंचित वर येतो आणि धार चावते. टक, टक, टक. आठ कोपरे एकेक करून लागतायत. ढलप्या तुटक उडतात. हळूहळू टकटकीतली फट कमी होते, आणि एका क्षणी आवाज सलग होतो. ठोकळा गोल झाला. थरथर थांबली. काका वेग साडेसातशेवर नेतात.

आता खरी कात. दांड्याचं टोक मांडीच्या वर, कमरेला टेकवलेलं. हात फारसे हलतच नाहीत. वजन डाव्या पायावरून उजव्यावर जातं आणि त्याबरोबर गाऊज वळण घेते. बाहेरून कातताना तळाकडून काठाकडे जायचं, लहान व्यासाकडून मोठ्याकडे. असं गेलं की कापल्या जाणाऱ्या धाग्यांना खालच्या धाग्यांचा आधार असतो. उलट गेलं तर धागे उपटले जातात आणि अंग खरबरीत होतं. आतून कोरताना नेमकं उलट, काठाकडून तळाकडे.

ओल्या लाकडाच्या ढलप्या लांब निघतात. शेवयांसारख्या, एकेक हातभर, काकांच्या खांद्यावर, मुखवट्यावर, माझ्या वहीवर. बरोबर पाणीही उडतं. मुखवट्यावर थेंब दिसतात. गेल्या आठवड्यापर्यंत या झाडाने वर चढवलेलं पाणी आहे ते.

मधेच थांबतात. ग्राइंडर, एक फेरी, परत. ओल्या लाकडावरही पंधरा-वीस मिनिटांत धार जाते. जे लोक धार लावायचा कंटाळा करतात ते जोर लावतात, आणि जोर लावला की हत्यार अडकतं. लोखंडाच्या लेथवरून आलेल्या माणसाला हे उमजायला वेळ लागतो, कारण तिथे जोर मशीनचा असतो.

बाहेरचं अंग झालं. तळाला दोन इंच रुंदीचं, पाव इंच उंचीचं बूड सोडलं आहे, कडा किंचित आत कललेल्या. चकचे जबडे तिथे धरणार.

१०:१०

वाडगा उलटा झाला. फेसप्लेट निघाली, बूड चकमध्ये आवळलं. आता पोट कोरायचं. मधोमध गिरमिटाने भोक पाडलंय, जेवढं खोल जायचं त्याहून बोटभर कमी. तेच आता खोलीचं माप.

गाऊज काठावरून आत शिरते तो क्षण नाजूक. उतार टेकायला अजून जागाच नसते. काका तिथे श्वास धरतात, हे मला त्यांच्या खांद्यावरून दिसतं. खाच पडली की सुटतात. मग काठाकडून मध्याकडे, एकेक वळसा.

एकदा अडकतं. धप्प असा आवाज येतो, पट्टा घसरतो, वाडगा थांबतो. आतल्या बाजूला वळणदार खोल चर पडलाय. काका मशीन बंद करतात. टूलरेस्टची उंची बघतात, एक सूत खाली घेतात, धार बोटाच्या नखावर टेकवून बघतात, परत ग्राइंडरकडे जातात. चर निघेपर्यंत सगळीकडून तेवढं लाकूड काढावं लागतं. भिंतीत अजून जाडी आहे, निघतो.

भिंत एक इंच ठेवायची. दहा इंचाच्या वाडग्याला एक इंच, असा ओल्या लाकडाचा प्रघात आहे. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जेवढं आक्रसतं त्याच्या निम्मंच वलयांना आडवं आक्रसतं, आणि धाग्यांच्या लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून गोल वाडगा वाळला की लांबट होतो. त्या लांबट वाडग्यात पुन्हा एक गोल बसायला हवा, त्यासाठी जाडी. पर्जन्यवृक्ष कमी आक्रसतो, त्यामुळे थोडं पातळ चाललं असतं. पण लाकूड नऊ रुपये किलोचं आणि मेहनत तीन तासांची, तर काका इंच सोडतात.

११:४०

स्वयंपाकघरातला वजनकाटा खाली येतो. गोल ठोकळा चार किलो दोनशे ऐंशी होता. वाडगा एक किलो पाचशे वीस. बाकीचं जमिनीवर, घोट्यापर्यंत.

बुडावर पेन्सिलीने झाडाचं नाव, तारीख, वजन. मग एका डब्यात वितळवलेलं मेण ब्रशने, जिथे धाग्यांची तोंडं उघडी आहेत तिथेच. पाणी तिथून भरभर सुटतं आणि भेगा तिथून पडतात. वर वर्तमानपत्राचे दोन पदर. आठवड्याने उघडायचं, वजन करायचं, ओला कागद बदलायचा. तीन आठवडे वजन तेच राहिलं की वाळला. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, हवा मऊ. नागपूरच्या उन्हाळ्यात हेच वाडगे फुटले असते. इथे पाच-सहा महिने लागतात, पण सावकाश वाळतात.

मांडणीवर असे पुष्कळ वाडगे आहेत, कागदात गुंडाळलेले. फणस, जांभूळ, सिल्व्हर ओक, आंबा. लाकूड ओळखायला काका मल्लेश्वरच्या काष्ठविज्ञान संस्थेत जाऊन बसायचे, तिथे नमुन्यांचा संग्रह आहे. आता तोंड बघून ओळखतात. सिल्व्हर ओकला मात्र हातमोजे. त्याने काहींच्या अंगाला खाज सुटते, काकांच्याही सुटते.

१:००

जेवण. जोंधळ्याची भाकरी, वांगं, दही. काकू स्टीलच्या परातीत पीठ मळतात. परात ओट्यावर सरकते, खाली ओलं फडकं घालावं लागतं. सासूबाईंची लाकडी काठवट होती, बेळगावहून आणलेली. तिला तडा गेला, तांब्याच्या पट्ट्या मारल्या, मग दुसरा तडा गेला. तीन वर्षं झाली.

“वाडगे झाले, फुलदाण्या झाल्या, नातवाचे भोवरे झाले,” काकू म्हणतात. “काठवट तेवढी राहिलीय बघा की.”

२:१५

तीच आज. फणसाची, गेल्या ऑक्टोबरात जाडसर कातून ठेवलेली. तेव्हा दोन किलो सहाशे चाळीस होती. मार्चपासून एक किलो सातशे दहावर थांबलीय. एका बाजूने साडेबारा इंच, दुसऱ्या बाजूने त्याहून पाव इंचभर कमी. टेबलावर ठेवली तर डुगडुगते.

आधी बूड सरळ करायचं, कारण तेही लांबट झालंय. मग चक. मग बाहेरून हलके काप. सुरुवातीला धार दोनच ठिकाणी लागते, लांब बाजूंना, मधे हवा. चारपाच कापांनंतर सगळीकडून लागते. सकाळची शेवई आता नाही. वाळल्या फणसाची ढलपी आखूड, ठिसूळ आणि हळदीसारखी पिवळीधमक. हा पिवळा टिकत नाही. वर्षभरात मधाळ होतो, पुढे तपकिरी. वीणा आणि मृदंग याच लाकडाचे करतात. कातताना पोकळ भागातून सूर येतो तो मला ऐकू आला. भिंत पातळ होत गेली तसा बदलत गेला.

३:०५

वीज गेली.

मोटर उतरत थांबते. काका बाहेर डोकावतात, समोरच्या घरातही नाही. ढग आलेत. काचकागदाचा तुकडा घेऊन ते खुर्चीत बसतात, काठवट मांडीवर, आणि हाताने घासायला लागतात. एक कागद बावीस रुपयांचा, त्याचे आठ तुकडे.

बोलणं चन्नपट्टणावर जातं. म्हैसूर रस्त्यावर साठेक किलोमीटर. काका वर्षातून दोनदा लाखेच्या कांड्या आणायला जातात. तिथले कारागीर आले मारा नावाचं पांढरं लाकूड वापरतात, आपल्याकडचा काळा कुडा. काही महिने वाळवतात. मग लेथवर कातून, फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाने लाख वितळते आणि चढते. वरून केवड्याच्या जातीचं पान फिरवलं की चकाकी. ब्रश नाही, तेल नाही. सावंतवाडीच्या रंगीत खेळण्यांची आठवण येते, पण तिथे ब्रश चालतो.

“त्यांचा हात बघायचा,” काका म्हणतात. “भोवरा दोन मिनिटांत खाली पडतो, दुसरा चढलेला असतो. मला एकाला वीस मिनिटं लागतात.”

तिथे नगावर पैसे. डझनाचा भाव ठरलेला. हत्यार अडकलं आणि नग फुटला तर त्याचे पैसे नाहीत. काका हे सांगतात तेव्हा घासणं थांबलेलं असतं.

४:१०

वीज आली. काचकागद फिरत्या लाकडावर. ऐंशी, एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशे चाळीस. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे पुरे घालवायचे, मगच पुढचा. मधला नंबर गाळला तर तेल लावल्यावर ओरखडे वर येतात आणि तेव्हा उशीर झालेला असतो. ही धूळ बारीक. तोंडाला मास्क, मागे जुना एक्झॉस्ट पंखा लेथच्या उंचीवर बसवलेला. कातण्यापेक्षा हे काम छातीला वाईट.

मग ओलं फडकं फिरवतात. दबलेले धागे पाणी पिऊन उभे राहतात. दहा मिनिटं थांबून पुन्हा दोनशे चाळीस. हे आत्ताच केलं नाही तर पहिल्याच मळणीला काठवट खरबरीत होईल.

५:००

काकू खाली येतात. हात पदराला पुसून काठवट उचलतात. वजन बघतात, उलटी करतात. बैठक बघायला जमिनीवर मांडतात आणि स्वतः समोर बसतात. डावा हात काठाला, उजवा हात आत. नुसत्या हवेत मळतात, तळव्याने रेटत. मग भाकरी थापल्यासारखा हात फिरवतात, गोल गोल.

हात थांबतो.

“काठ उंच झालाय.”

“दोनच इंच आहे की.”

“थापताना मनगट लागतंय. हे बघा.” पुन्हा थापतात. हाताची कड काठावर आपटते, टप् असा आवाज होतो. “आईंच्या काठवटीचा काठ बाहेर पसरलेला होता. हात फिरायचा.”

काका वाकतात. स्टीलची पट्टी काढतात. काकूंना तसाच हात धरून ठेवायला सांगतात आणि तळहाताच्या कडेपासून काठवटीच्या तळापर्यंत माप घेतात. मग मनगटाचं. काठावर पेन्सिलीने एक टिंब, त्याखाली दुसरं. टूलरूममध्ये नकाशाशिवाय काम होत नसे. इथला नकाशा हा हात.

५:३०

काठवट पुन्हा चकमध्ये. पाऊण इंच काठ जायचाय. वेग कमी, सहाशे. पातळ काठ कातताना थरथरतो, म्हणून डाव्या हाताची बोटं मागून अलगद टेकवलेली, उजव्या हातात गाऊज. एक वलय सुटतं, मग दुसरं. आतली भिंत आता सरळ उभी राहत नाही, तळापासून बाहेर पसरत जाते. काठाची धार मारून गोलाई. पुन्हा ऐंशीचा कागद, पुन्हा सगळे नंबर, पुन्हा ओलं फडकं. तासभर गेला. काका कुरकुरत नाहीत. उलट मधेच मला हाक मारून पसरट झालेला काठ दाखवतात, बोटाने फिरवायला लावतात.

माझ्या मते दिवसातलं सगळ्यात चांगलं काम हे झालं. सकाळचा वाडगा सुंदर होईल, पण त्याला अडवणारं कोणी नव्हतं.

शेवटी बूड. काठवट उलटी करून, मधे फोमचा तुकडा घालून, टेलस्टॉकने दाबून धरतात आणि बूड कातत कातत बोटाएवढं उरवतात. उरलेलं पटाशीने. तळ मधे केसभर खोल, म्हणजे कडेवर बसेल, डुगडुगणार नाही.

६:४५

जवसाचं तेल. हार्डवेअरच्या दुकानात डब्यात मिळतं ते नाही, त्यात लवकर वाळायला रसायनं घातलेली असतात. हे घाण्याचं, खायचं. फडक्याने चोळतात आणि फणसाचा रंग एकदम खाली बसतो, गडद, ओला. पंधरा मिनिटांनी वरचं पुसून घेतात. तेलाचं फडकं चुरगळून टाकत नाहीत, दोरीवर पसरून वाळत घालतात. जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून ठेवलं तर आपोआप पेट घेऊ शकतं.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा मुलगा ऑफिसातून येतो. पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. पाऊस सुरू झालाय, हेल्मेटमधून पाणी ठिबकतंय.

“काका, सॉलिड झालीय. ऑनलाइन टाका ना. तीन हजार आरामात मिळतील.”

काका वही उघडतात. लाकूड एकशे चाळीस. काचकागद साठ. तेल तीस. वीज, मोटर एक अश्वशक्तीची, आज चारेक तास चालली, वीस रुपये धरा.

“आणि तुमचे तास?”

वहीत तो रकाना नाही. टूलरूममध्ये प्रत्येक कामाबरोबर कार्ड असायचं आणि त्यावर मिनिटं लिहिलेली असायची. मुलगा आग्रह धरतो. मग काका वखारीतल्या पोराची मजुरी धरतात, दिवसाला नऊशे. ऑक्टोबरातला अर्धा दिवस, आजचा अर्धा दिवस. झाले नऊशे. गाऊज झिजते त्याचे काही. चकचे काही धरायचे का, यावर दोघांचं जमत नाही. बाराशेच्या घरात आकडा येतो.

“चन्नपट्टणवाला दिवसभर एकाच काठवटीवर बसला तर चूल कशी पेटणार त्याची?” काका विचारतात. मुलगा फोनवर काहीतरी शोधत असतो, तो थांबतो.

“आईसाठी एक हवीय,” तो म्हणतो. “पैसे घ्या पण.”

“फणस आता नाही. जांभूळ आहे, ऑगस्टात वाळेल. आईच्या हाताचं माप घेऊन ये. तळव्याची कड ते मनगट.”

७:३०

झाडलोट. ओल्या ढलप्या तीन गोण्या, त्या कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत जातात, फुकट. बदल्यात कधीतरी कढीपत्त्याचं रोप येतं. वाळला पिवळा भुसा वेगळा. हत्यारं पुसून खिळ्यांना. अंगठी बोटात.

काका वहीत लिहितात. काठवट, फणस, बारा इंच. काठ सव्वा इंच, बाहेर पसरट. त्याखाली काकूंच्या हाताची दोन्ही मापं, मिलिमीटरमध्ये.

“कधी घेऊ वापरायला?” वरून जिन्यातून आवाज येतो.

“तेल मुरायला तीन आठवडे लागतील, अगं. मधे अजून दोन हात द्यायचेत.”

“तीन?”

“आठ दिवसांत घेतलीस तर पिठाला वास लागेल.”

जिन्यावर क्षणभर काही नाही. मग ताटं मांडल्याचा आवाज, आणि काकू म्हणतात, “बरं. तोवर परात आहे.”